कात्राबाई उतरून कुमशेतला

गुरुवार : बारी, कळसूबाई

कळसूबाईला शनिवार-रविवारी जाऊ नये हे प्रत्येक भटक्याला ठाऊक असतं, आणि सुट्टी तेव्हाच असते म्हणून प्रत्येक जण शनिवार-रविवारीच जातो. आम्ही रजा टाकून गुरुवार गाठला. दसरा होऊन गेला होता, नवरात्रातली यात्रा उरकली होती आणि दिवाळी अजून पुढे होती. नाशिकहून पहाटेच्या गाडीने घोटी, तिथून जीपने बारी. सोबत पक्ष्यांचं वेड असलेला मावसभाऊ, आणि एक मैत्रीण, जिला कसलंच वेड नाही पण एकदा चालायला लागली की थांबत नाही.

बेत असा की कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य या टोकापासून त्या टोकापर्यंत जमेल तितकं पायी पाहायचं. 1986 मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य अकोले तालुक्याच्या पश्चिम कडेने, घाटमाथा धरून उत्तर-दक्षिण पसरलं आहे. क्षेत्र साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर, आणि त्यात वाड्या, भातखाचरं, शाळा, देवळं, एक जुनं मोठं धरण, सगळं येतं. कुंपण घातलेलं जंगल मनात धरून कुणी आलं तर चक्रावेल. उत्तरेला कळसूबाई, दक्षिणेला हरिश्चंद्रगड, मध्ये रतनगड आणि कात्राबाईची रांग. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, तिन्ही ठिकाणी आम्ही पूर्वी सुटे सुटे जाऊन आलो होतो. त्यांच्या मधलं चालायचं राहिलं होतं.

बारीतून वाट भाताच्या बांधांवरून निघते. भात पिवळा पडला होता, काही खाचरांत कापणी सुरू झालेली. वरच्या उताराच्या वावरांत खुरासणी अजून फुलावर होती. चढ सरळ अंगावर येतो, पण वाट हरवायची सोय नाही. वर्षानुवर्षांच्या पायांनी ती कोरून निघाली आहे. कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत आणि शेजारी काही ठिकाणी जुन्या साखळ्या अजून लोंबतात. शिड्यांच्या आधी बायाबापड्या याच साखळ्या धरून, कडेवर पोर घेऊन नवसाला जात. शिड्या आल्याने कळसूबाईची गंमत गेली म्हणणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांसमोर आणावं.

कळसूची गोष्ट मला आवडते. डोंगरात रमणारी कोळ्याची पोर. पायथ्याच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली ती अट घालूनच : भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एके दिवशी घरातल्या कुणीतरी भांडी घासायला लावली. तिने ती घासली, आणि उठून जी डोंगरावर गेली ती परत आलीच नाही. जिथे भांडी घासली ती जागा थाळेमेळ, जिथे राहिली तो कळसूबाईचा डोंगर. देवपणाला पोचलेली घरकामाची तक्रार म्हणून या कथेला तोड नाही. मैत्रीण म्हणाली, हे माझ्या सासरी कळवायला हवं.

शेवटच्या शिडीअलीकडे विहीर आहे, आजूबाजूला सरबत-काकडीची खोपटं. गुरुवार असल्याने एकच उघडं होतं. माथ्यावर देवीचं लहानसं देऊळ आणि त्याभोवती बसायला बेताची जागा. 1646 मीटर, म्हणजे महाराष्ट्रात याच्यावर काही नाही. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग खांद्याला खांदा लावून उभे; दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, आणि पाण्यापलीकडे रतनगडाच्या बाजूचा खुट्टा सुळका. त्याच्याही मागे जी निळसर भिंत दिसत होती ती कात्राबाई. भाऊ दुर्बीण लावून बराच वेळ तिकडे बघत राहिला आणि म्हणाला, झाडी चांगली आहे. त्याच्या तोंडी ही मोठी स्तुती.

दुपारी उतरून जीप केली. शेंडीवरून मुतखेल, कोलटेंभे करत जलाशयाच्या काठाकाठाने रतनवाडी. वाटेत विल्सन धरण लागतं. 1926 मध्ये पुरं झालेलं हे दगडी धरण प्रवरेचं पाणी अडवतं, आणि त्या पाण्यावर खाली संगमनेर-राहात्याकडचा ऊस उभा राहतो. धरणकाठच्या वाड्यांत मात्र भात आभाळाच्या भरवशावर. जीपवाल्याने हे इतक्या सरावाने सांगितलं की आम्ही तिघंही गप्प बसलो.

शुक्रवार : रतनगड

रतनवाडीत मुक्काम घरगुती. सकाळी आधी अमृतेश्वराला गेलो. काळ्या दगडातलं शिलाहारकालीन देऊळ, शिखरापर्यंत नक्षी, आणि जवळच कोनाड्यांत मूर्ती असलेली चौकोनी पुष्करणी. सभामंडपाच्या छतावरची दगडी फुलं बघायला मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. सकाळच्या तिरप्या उन्हात बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं उठून दिसतात. दुपारी सगळं सपाट होतं, तेव्हा आधी देऊळ आणि मग गड हा क्रम बरा.

वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरून पावती घेतली. गडाची वाट प्रवरेच्या पात्रातून जाते. ओढा चार-दोनदा ओलांडावा लागतो आणि ऑक्टोबरात पाणी घोट्याच्या वर असतं. हाच ओढा पुढे नदी होऊन माउलींच्या नेवाशाला जातो आणि गोदावरीला मिळतो. इथे तो एका उडीत पार करता येतो.

रतनगडाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. शिड्या, गणेश दरवाजा, रत्नादेवीची गुहा, हनुमान दरवाजा, राणीचा हुडा, टाकी आणि शेवटी नेढं, म्हणजे डोंगराच्या धारेला वाऱ्या-पावसाने आरपार पाडलेलं भोक, ज्यात पंचवीस-तीस माणसं आरामात बसतील. आमच्या आधी तिथे एक गट बसला होता आणि त्यांच्या पाठपिशवीतला स्पीकर नेढ्यात इतका घुमत होता की त्यांनाच तो सहन होईना. त्यांनी तो आपणहून बंद केला. असं फार क्वचित घडतं.

माथ्यावर सोनकी सुकत आली होती. भावाला एक सर्पगरुड आणि वाऱ्यावर भिरभिरणाऱ्या पाकोळ्या मिळाल्या. मोठं जनावर सोडाच, वानरसुद्धा दिसलं नाही. अभयारण्यातल्या गडावर जनावर शोधणं चूकच. जिथे शनिवारी शेकडो माणसं चढतात तिथे जनावर कशाला थांबेल. त्र्यंबक दरवाजातून साम्रदला उतरून सांदण दरी करायचा मोह झाला होता. पण ऑक्टोबरात सांदणीतलं पाणी पुरतं हटलेलं नसतं, आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी ताजे पाय हवे होते. आल्या वाटेने परत.

संध्याकाळी कुमशेतचे मामा आले. आमचे वाटाडे. भात कापायचं सोडून आले म्हणून मी दिलगिरीने काही बोलले तर म्हणाले, "कापायला घरची हायेत. मला जरा फिरायला झालं." रात्री ते आमच्याकडे न थांबता आपल्या मावशीकडे गेले, ती रतनवाडीत दिलेली.

शनिवार : कात्राबाईची खिंड, कुमशेत

हा दिवस मला साधायचा होता. या दिवशी गड नाही, शिखर नाही, फोटो काढून दाखवावं असं काही नाही. रतनवाडीतून निघायचं, कात्राबाईची रांग खिंडीतून ओलांडायची आणि पलीकडे मुळा नदीच्या खोऱ्यात कुमशेतला उतरायचं. सकाळी उजेड फुटायच्या आत निघालो.

सुरुवात कालच्याच वाटेने. चढ चढून गेल्यावर एका ठिकाणी वाट फुटते. उजवीकडची रतनगडाला, समोरची हरिश्चंद्रगडाकडे. उजवीकडची रुंद, मळलेली, चॉकलेटच्या कागदांनी सजलेली. समोरच्या वाटेवर वीस पावलं गेलो आणि कोळ्याचं जाळं आडवं आलं. म्हणजे त्या सकाळी तरी तिथून कुणी गेलेलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता या रानात मोठे कोळी वाटेवर जाळी टाकून बसतात. मधोमध मादी, पायांसकट हाताच्या पंजाएवढी, काळं-पिवळं अंग. कडेला तिच्यापुढे नखाएवढे दिसणारे नर जीव मुठीत धरून. ऊन पडलं की जाळ्याचा धागा सोनेरी चमकतो. मी बोटाने हलकेच ओढून पाहिला तर तुटायच्या आधी चांगला ताणला गेला. एकदा तर भावाची टोपी त्यात अडकून राहिली. मामा जाळं फाडत नव्हते. काठीने खालचा एखादाच धागा सोडवायचा, वाकून पलीकडे जायचं, आणि आम्हालाही वाकायला लावायचं. "तिनं रातभर बांधलंय," एवढंच कारण. त्या दिवशी आम्ही इतक्या वेळा वाकलो की मैत्रिणीला कंबर वेगळी आणि आपण वेगळे असं वाटायला लागलं.

झाडी हळूहळू दाट झाली. जांभूळ, आंबा, अंजनी, उंबर, आणि सगळ्यात जास्त हिरडा. मामा झाडं नावाने ओळखत होते हे ठीकच, पण हिरड्याची झाडं ते घराण्यानेही ओळखत होते. हे अमक्याचं, ते तमक्याच्या आज्याचं. जंगल सरकारी असलं तरी कुठल्या झाडाचा हिरडा कुठल्या घराने वेचायचा हे पिढ्यांपासून ठरलेलं. उन्हाळ्याच्या तोंडी कोवळी फळं काढून वाळवतात, ती काळी पडतात, तोच बाळहिरडा. औषधाला जातो. अकोले, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांत पावसाळ्याआधी रोख पैसा येतो तो बराचसा यातून. आम्ही जिला जंगलातली पायवाट म्हणत होतो ती मामांच्या लेखी हिरड्याची वाट होती. पुढे एक फुटली ती गुरांची, तिसरी एका वाडीतल्या लेकीबाळींची माहेरची. ट्रेक असा शब्द ते वापरत होते, पण फक्त आमच्यासाठी.

याच झाडीत शेकरू भेटलं. आधी आवाज, खकखक करत दणक्यात दिलेला. आम्हालाच उद्देशून असावा. मग वर पानांत तांबूस शेपटी हलली. मागच्या पायांनी फांदीला धरून ते उलटं लटकलं होतं आणि पुढच्या हातांत फळ धरून खात होतं. खाणं थांबवलं नाही, ओरडणंही थांबवलं नाही. पाठ गडद तांबडी, पोट फिकट, शेपटी अंगाहून लांब. ते जमिनीवर क्वचितच उतरतं. एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेत जायचं असल्यामुळे त्याला फांदीला फांदी लागलेलं सलग रान लागतं. मध्ये रस्त्याची नाहीतर तारांची पट्टी आली की त्याचा मुलूख तिथे संपतो. एकच शेकरू चार-सहा घरटी बांधून ठेवतं, पाना-काटक्यांचे मोठे गोळे, आणि गरजेप्रमाणे वापरतं. मामांनी काठीने वर एकेक दाखवत आम्हाला त्याची सगळी घरं मोजून दिली. आपल्या राज्याचा प्राणी म्हणून शेकरू शाळेच्या पुस्तकात पाठ केलेलं असतं, पण आपल्याला शिव्या देणारं शेकरू बघायला अशा मधल्याच रानात यावं लागतं.

शेकरूवरून बोलणं राबावर गेलं. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची तर डहाळ्या, पालापाचोळा, शेण जाळावं लागतं, तो राब. झाडाला हात लावू नये असा नियम, आणि डहाळीवाचून राब नाही. "झाड आम्ही तोडीत न्हाई. ते तोडलं तर फुडच्या साली कापू काय?" मामा म्हणाले. मला दोन्ही बाजू पटतात आणि त्यातून वाट कशी काढावी हे मला सुचत नाही. पण ज्या रानात शेकरू टिकलं आहे त्याच रानात ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या डहाळी तोडत आली आहेत, ही गोष्ट नजरेआड करून नियम लिहिता येणार नाही, एवढं मी म्हणेन.

खिंडीच्या चढाला लागायच्या आधी, ओढ्याकाठी वाटेच्या ऐन मधोमध, विष्ठा पडलेली होती. वाळत आलेली, टोकाला निमुळती, आणि केसांनी गच्च भरलेली. भाऊ जमिनीवर आडवाच झाला. काडीने उकलून पाहिली : राखाडी लांब केस, हाडाचा एक चुरा. वानराचे असावेत असं त्याचं मत, मामांचंही तेच. बिबट्या मुद्दाम वाटेवरच घाण करतो, इतरांना कळावं म्हणून. म्हणजे माणसाची वाट, गुराची वाट, हिरड्याची वाट आणि बिबट्याची वाट एकच होती.

बिबट्याचा विषय निघाल्यावर भावाने 2009 सालची हकीकत सांगितली. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला नर बिबट्या बाहेर काढून, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातला तो बिबट्या. वयस्क दिसला म्हणून त्याला आजोबा म्हणत. तो महिन्याभरात सुमारे 120 किलोमीटर चालत, रस्ते, रेल्वे, खाडी ओलांडत थेट मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलात पोचला. 2011 मध्ये महामार्गावर वाहनाखाली मेला. आम्हाला ही गोष्ट बिबट्याच्या कर्तबगारीची वाटत आली होती. मामांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "म्हंजे पारनेरचा धरून आमच्या डोंगरात सोडला व्हय?" तिथल्या माणसाच्या दृष्टीने मुद्दा तोच आहे. भावाने अत्रेय यांच्यासारखे अभ्यासकही हेच म्हणत आलेत, धरून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो, असं सांगितल्यावर त्यांचं थोडं समाधान झालं.

शेवटचा चढ कारवीतून. डोक्याच्या वर गेलेली कारवी दोन्ही बाजूंनी, हाताला धरायला दांडे, पायाखाली ओली माती. घाम आणि कारवीचा उग्र वास. वर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं, पण खिंडीत वारा असा की पाच मिनिटांत कापरं भरलं. देवीच्या शेंदरी तांदळ्यापुढे मामांनी एक फूल ठेवलं.

मागे वळून पाहिलं तर दोन दिवसांचा हिशेब मांडून ठेवलेला : खाली प्रवरेचं खोरं, पलीकडे रतनगड आणि खुट्टा, जलाशयाचा तुकडा आणि पार मागे कळसूबाई. पुढे मुळेचं खोरं, कुमशेतची कौलं, उजव्या हाताला आजोबाचा डोंगर, जिथे वाल्मिकींचा आश्रम सांगतात, आणि लांब दक्षिणेला हरिश्चंद्रगडाचा पसारा. या रांगेवर पडलेला पाऊस उत्तरेला उतरला तर प्रवरा, दक्षिणेला उतरला तर मुळा. पुढे खाली मुळा प्रवरेलाच येऊन मिळते, दोघी मिळून गोदावरीत, म्हणजे पूर्वेच्या समुद्रात. पण तोच पाऊस वाऱ्याने जरा पश्चिमेला कड्यावरून ढकलला तर कोकणातून अरबी समुद्रात. मैत्रिणीने बाटलीतलं उरलेलं पाणी मुद्दाम खिंडीच्या दोन्ही बाजूंना थोडं थोडं ओतलं. तहान लागल्यावर तिला त्याचा पश्चात्ताप झाला.

राघोजी भांगरे याच मुलखातले, देवगावचे. इंग्रजांविरुद्ध महादेव कोळ्यांचं बंड त्यांनी उभं केलं, आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. खिंडीत उभं राहिलं की अशा माणसाला धरणं सरकारला इतकं जड का गेलं असेल ते समजतं. मामा त्यांचं नाव घेताना 'राघोजीबाबा' म्हणतात.

उतार वाईट होता. वाळकं गवत, खाली मुरमाचा घसारा, आणि दुपारचं ऊन. यावर सांगण्यासारखं एवढंच की तिघंही एकेकदा बसलो.

कुमशेतला मामांच्या घरी मुक्काम. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लिंपा, पडवीत शेळ्या. सकाळपासून ज्या कारवीला धरून चढलो तिच्याच भिंतीला टेकून बसलो होतो. मामींनी नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी केली होती. चटणीत लसूण इतकी की रात्री डास फिरकले नाहीत. आढ्याला कणसं, दुधी, वालाच्या शेंगा बियाण्यासाठी टांगलेल्या. गावठी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणे याच तालुक्यातलं, तेव्हा मी त्यांचा विषय काढला. त्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मामी म्हणाल्या, "बी तर आमची आजी पण ठेवायची, पण तिला कुणी बघाया आलं न्हाई." त्यात कुरकूर नव्हती. राहीबाईंचं कौतुक त्यांनी पुढे बरंच केलं.

रविवार : पाचनई, हरिश्चंद्रगड

सकाळी मामांनी डावीकडे कोकणाकडची खाच दाखवली : गुयरीचं दार. तिथून खाली डेहण्याला उतरतात. पूर्वी मीठ-मिरचीसाठी जायचे, आता हौशी लोक दोर घेऊन जातात. आम्ही उलट दिशेला. मुळेचं पात्र ओलांडून पेठेची वाडी, कलाडगडाच्या पायथ्याने पाचनई. ही चाल सोपी, उघडी आणि उन्हाची. वाडीत पोरं वाघबारशीच्या गोष्टी करत होती. दिवाळीच्या तोंडावर इथले गुराखी वाघदेवाला नैवेद्य करतात. घरोघरचे तांदूळ, दूध गोळा करून रानात खीर शिजवायची. पट्टेरी वाघ या डोंगरातून कधीच गेला, देव मात्र राहिला आणि बिबट्या त्याच्या नावाने नैवेद्य खातो.

पाचनईत पोचलो तर वाहनतळ भरलेला. आम्ही चढायला लागलो तेव्हा शनिवारी वर मुक्काम केलेली गर्दी उतरत होती. वाट कड्याच्या पोटाला लागून जाते, वर दगडाचं छप्पर पुढे आलेलं, डाव्या हाताला दरी. सुंदर वाट आहे, पण उतरणाऱ्या प्रत्येक गटाला जागा देत चढायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून उलटं जाणं. एकाने मामांना 'गाइड, अजून किती आहे?' असं विचारलं, तेही खाली जाताना.

दुपारनंतर गड रिकामा झाला. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, त्याच्या पायथ्याची सप्ततीर्थ पुष्करणी, आणि खाली ओढ्याकाठी केदारेश्वराची लेणी. लेण्यात कंबरभर गार पाणी, मधोमध मोठं शिवलिंग, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. युगामागे एक खांब पडतो असं सांगतात. पाण्यात उतरून प्रदक्षिणा करताना पाय अक्षरशः बधिर होतात. मैत्रीण दोन फेऱ्या मारून आली. देवळासमोरून वाहणारी मंगळगंगा पुढे मुळेलाच मिळते. चांगदेवांनी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला याच जागी तप केलं आणि ग्रंथ लिहिला, त्याची नोंद ग्रंथातच आहे.

कोकणकड्यावर संध्याकाळी दहा-बाराच माणसं होती. कडा अर्धगोल आणि आतून पोकळ, म्हणून पालथं झोपूनच खाली बघायचं. दरीतून येणारा वारा इतका जोरदार असतो की खाली टाकलेलं हलकं काहीही परत वर येतं. कड्यामागच्या झुडपांत अडकलेल्या वेफर्सच्या पुड्या हे सिद्ध करायला पुरेशा होत्या. आम्ही एक पोतं भरलं. त्याने काही फरक पडला असा दावा नाही.

सोमवार : टोलारखिंड

इंद्रवज्राच्या आशेने पहाटे पुन्हा कड्यावर. 1835 मध्ये कर्नल साईक्सने इथे धुक्यावर पडलेलं गोल इंद्रधनुष्य पाहिल्याचं नोंदलं आहे. त्यासाठी दरी धुक्याने भरलेली हवी आणि पाठीमागून, पूर्वेकडून, स्वच्छ ऊन यायला हवं. मग आपलीच सावली धुक्यावर पडते आणि तिच्याभोवती वर्तुळ. आमच्या वाट्याला धुकं आलं, ऊन ढगात राहिलं. भावाला मात्र शीळकरी कस्तूर ऐकू आला, शाळकरी पोराने निवांत घातलेल्या शिळेसारखा, आणि त्याची सकाळ सार्थकी लागली.

खिरेश्वरकडे उतरणारी वाट बालेकिल्ल्याला वळसा घालून जाते. शेवटी कातळटप्पा, आता रेलिंग लावलेला, आणि मग झाडीत बुडालेली टोलारखिंड. खिंडीत दगडावर कोरलेला वाघ आहे. शेंदूर ताजा होता. मामांनी खिशातून चिमूटभर तांदूळ काढून त्याच्यापुढे ठेवले.

इथे आमच्या वाटा फुटल्या. आम्ही उजवीकडे खिरेश्वरला, तिथून खुबी फाट्यावर आळेफाट्याची एसटी. मामा डावीकडे कोथळ्याला, बहिणीकडे. कुमशेतहून पाठीवर घेतलेलं नव्या तांदळाचं गाठोडं तिच्यासाठी होतं, आणि आम्ही ते चार डोंगर बघत आलो होतो तरी आमच्यापैकी कुणी त्यांना त्यात काय आहे विचारलं नव्हतं. पैसे मोजून घेताना त्यांनी शंभराची एक नोट परत केली. म्हणाले, टोलारखिंडीपर्यंत तर मला यायचंच होतं.